एका गावात एकच गोष्ट

ते इटलीला बावीस वेळा गेले आणि पिसाचा कलता मनोरा त्यांनी पाहिला नाही. पिसाला ते गेले होते. मनोऱ्यासमोरच्या हिरवळीवर दीड तास उभेही होते, पण मनोऱ्याकडे पाठ करून. समोर माणसं हात वर करून मनोऱ्याला टेकू दिल्याचे फोटो काढून घेत होती. मनोरा पाठीमागे असल्यामुळे त्यांना दिसत होती ती फक्त हवेला टेकू देणारी माणसं. ती पाहून झाल्यावर ते स्टेशनवर आले, मिळेल त्या गाडीनं पुढे गेले आणि पुन्हा कधी पिसाला उतरले नाहीत.

बावीस हा आकडा त्यांचा नाही, माझा आहे. त्यांना विचारलं तर ते कधी अठरा सांगत, कधी पंचवीस. म्युनिकहून इटलीला जाणाऱ्या गाडीची तिकिटं ते फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावून ठेवत. एकदा ते चहा करत असताना मी ती मोजली. तेव्हा एकवीस होती, त्यानंतर ते आणखी एकदाच गेले. कोणी सांगितलेला आकडा दुसरीकडून पडताळल्याशिवाय वापरायचा नाही, ही मला लागलेली सवय आहे. पुण्यातल्या एका दैनिकात अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्याचं काम केलं.

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ते तळमजल्यावर एकटे. मी, माझा नवरा आणि मुलगी दुसऱ्या मजल्यावर. ते मूळचे चिंचवडचे, मेकॅनिकल इंजिनिअर. माझा नवरा ज्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो तिथंच ते नोकरीला होते. मोटारगाडीचं दार लावल्यावर जो आवाज होतो तो कसा असावा, हे ठरवण्याचं त्यांचं काम होतं. शोरूममध्ये गिऱ्हाईक गाडीभोवती एक चक्कर मारतं, दार उघडतं, लावतं, आणि त्या आवाजावर अर्धा निर्णय घेऊन मोकळं होतं, असं ते सांगत. म्हणून प्रतिध्वनी नसलेल्या एका खोलीत ते दिवसभर दारं लावत आणि ऐकत.

ही सवय घरीही सुटली नव्हती. इमारतीचं खालचं दार कोणी लावलं हे ते स्वयंपाकघरात बसून ओळखत. तिसऱ्या मजल्यावरच्या जर्मन आजी दार धरून हळूच टेकवतात, माझा नवरा ते सोडून देतो. माझ्याबद्दल त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "वहिनी, तुमचं दार दोनदा वाजतं. एकदा तुम्ही लावता, मग लागलं का ते ओढून बघता."

हे खरं होतं. मला ते आवडलं नाही.

समोरच्याचं पटलं की ते जर्मन माणसासारखं 'गेनाऊ' म्हणत, म्हणजे अगदी बरोबर. पटलं नाही तरी तेच म्हणत. थट्टेत असले की मला 'संपादक' म्हणत. मी उपसंपादक होते, हे मी त्यांना निदान तीनदा सांगितलं. "गेनाऊ," ते म्हणत, आणि पुढच्या वेळी जिन्यात भेटले की, "काय संपादक, आज कोणाची चूक काढली?"

प्रवासाला निघताना ते पाठीवरची एक पिशवी घेत. तिच्यात दोन शर्ट, कानात घालायचे बोळे आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या असत. दशम्या ते स्वतः करत. पहिली दशमी ब्रेनरच्या घाटात, ऑस्ट्रिया संपून इटली लागते त्या स्टेशनवर खायची, असा नेम होता. तिथं गाडी थोडा वेळ थांबते. कॅमेरा ते नेत नसत. फोनमध्ये होता तो वापरत नसत.

आणि एका गावात एकच गोष्ट पाहायची, हा दुसरा नेम. जेनोआमध्ये त्यांनी एक लिफ्ट पाहिली. तिथं डोंगरावरच्या वस्तीत जायला बससारखी सार्वजनिक लिफ्ट आहे. ते दुपारभर तिच्यातून खाली-वर करत राहिले आणि गाव न पाहता परतले. नेपल्समध्ये एक बाई वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली सोडते, खालचा दुकानदार तिच्यात पाव ठेवतो आणि टोपली वर जाते, हे पाहिलं. सिएनात चौकाच्या उतरत्या विटांवर लोकांबरोबर आडवे पडून दुपारी दुकानांची शटर्स एकामागोमाग खाली येताना ऐकली. रोमला मात्र ते गेले नव्हते. तिथली एकच गोष्ट कुठली, हे ठरत नाही म्हणत.

या नेमाचं कारण मी एकदा विचारलं. पत्नीबरोबर ते पहिल्यांदा इटलीला गेले तेव्हा टूरच्या बसनं आठ दिवसांत सात शहरं केली होती, असं त्यांनी सांगितलं. "परत आल्यावर कुठलं चर्च कुठल्या गावातलं, यावर आम्ही दोघं महिनाभर भांडलो. ती म्हणायची फ्लॉरेन्स, मी म्हणायचो मिलान. मग ती आजारी पडली. गेली. आता ठरवायचं कोणी?"



मला त्यांचा हेवा वाटत असे. वर्तमानपत्रात असलं विधान 'जाणकार सूत्रांनुसार' असं लिहून निभावता येतं. इथं सूत्र मीच आहे. हेवा त्यांच्या इटलीचा नव्हता. आम्हीही इटली पाहिली होती, त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त: व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स आणि अमाल्फीचा किनारा, नऊ दिवसांत. परत आल्यावर एका शनिवारी दुपारी मी ओळखीच्या दोन मराठी कुटुंबांना आणि त्यांना जेवायला बोलावलं. जेवणानंतर टीव्हीवर फोटो दाखवले. प्रत्येक फोटोची माहिती मी सांगत होते: कोणत्या शतकातलं, कोणी बांधलं, पुन्हा कधी बांधलं. माहिती अचूक होती. तासाभरानं पाहुण्यांपैकी एकजण डुलक्या घेऊ लागले.

कोणीतरी विषय बदलायला आमच्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारलं, "तुम्ही व्हेनिसला काय पाहिलं?"

"कचऱ्याची होडी," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की सकाळी सफाई कामगार ढकलगाड्या घेऊन गल्ल्यांतून घरोघरी फिरतात, कालव्याच्या काठाशी एक होडी उभी असते, तिच्यावर यारी असते, ती यारी एकेक गाडी उचलून होडीच्या पोटात उलटी करते, आणि शेजारून प्रवाशांना घेऊन जाणारा होडीवाला नाक मुरडून गाणं थांबवतो.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. गालिच्यावर पालथी पडून ती जर्मन कॉमिक वाचत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "पण काका, कचरा पाण्यात पडला तर?"

वाक्य मराठीत होतं. कोणी मागितलेलं नव्हतं. साधारण दोन वर्षांत तिचं असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी मराठीत विचारायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. इथल्या बहुतेक घरांत हेच चालतं आणि बहुतेक आया ते सोडून देतात. मी सोडून देऊ शकत नव्हते. माझ्याकडे इथं दुसरं काही नव्हतं. जर्मनमध्ये मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासते, तेही एका जर्मन सहकाऱ्यानं पुन्हा तपासावं लागतं. मराठी ही एकच गोष्ट मला कोणाला न विचारता येत होती, आणि ती माझ्या मुलीला माझ्याकडून नको होती.

त्यांच्याकडून हवी होती. शुक्रवारी त्यांना सुट्टी असे आणि तिची शाळा लवकर सुटे. ती दप्तरासकट त्यांच्याकडे जाऊ लागली. मी चारला काम संपवून तिला आणायला खाली जायची तेव्हा दाराबाहेर थांबून ऐकायची. आत ती अखंड मराठीत बोलत असे. माझी चाहूल लागली की थांबे आणि जर्मनमध्ये बूट शोधू लागे.

मी त्यांच्या चुकांची यादी ठेवायला सुरुवात केली. यादी एका वहीत होती आणि कोणाला दाखवायची नव्हती. नेपल्सची टोपली एका शुक्रवारी पाचव्या मजल्यावरून आली, दुसऱ्या शुक्रवारी सातव्या. जेनोआ त्यांनी एकदा दक्षिणेत नेलं. सिएनाचा चौक एकदा बशीसारखा होता, एकदा सुपासारखा. पिसाचा मनोरा डावीकडे कलतो असं ते ठामपणे म्हणाले, तेव्हा मुलगी हसत सुटली. "काका, तुम्ही तर त्याच्याकडे पाठ केली होती. तुम्हाला काय माहीत?"

"अरे हो की," ते म्हणाले. "मग नीट सांग बघू, कसं होतं ते."

आणि तिनं सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, त्यांच्यापेक्षा चांगली. मी दाराबाहेर उभी होते. मी वहीत लिहिलं: मनोऱ्याची दिशा, चूक.

जेवताना मी नवऱ्याला म्हणाले की हा माणूस मुलीला काहीही सांगतो, त्याच्या एका गोष्टीचा दुसरीशी मेळ नसतो. नवऱ्यानं भाताचा घास घेतला. "गंमत आहे," तो म्हणाला. "ऑफिसमध्ये त्यांच्या रिपोर्टमधला दशांशही चुकलेला कोणी पाहिलेला नाही." मी म्हणाले, ऑफिस वेगळं. तो विषय मी तिथंच संपवला.

त्या वर्षी फिंग्स्टनच्या सुट्टीत, म्हणजे वसंतातल्या शाळेच्या सुट्टीत, नवऱ्याला रजा नव्हती. मी मुलीला घेऊन इटलीला गेले. कारण मी तिला सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं: तिच्या डोक्यात काकांची इटली होती, ती मला तिथून काढायची होती. मी तासवार कागद केला. व्हेरोना, बोलोन्या, फ्लॉरेन्स, मग लिगुरियाचा किनारा.

ते योजनेप्रमाणे झालं नाही. प्रत्येक स्टेशनवर उतरल्याबरोबर ती जर्मनमध्ये विचारायची की काकांनी इथं काय पाहिलं. बोलोन्यात मोठ्या चौकाजवळ एक कमान आहे. तिच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून दोघांनी उभं राहायचं आणि हळू बोलायचं. आवाज कमानीतून वर जाऊन दुसऱ्या कोपऱ्यात उतरतो. ते तिथं एकटेच गेले होते आणि समोरच्या कोपऱ्यात कोणी अनोळखी माणूस येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून थांबले होते. आम्ही दोघी होतो. मी भिंतीला कान लावला. लोकांची ये-जा चालू असतानाही तिचा आवाज स्पष्ट आला, अगदी कानाशी. तिला भूक लागली होती. जर्मनमध्ये.

मी भिंतीतून तिला कमानीचं तत्त्व समजावून सांगितलं. अर्ध्यातच पाहिलं तर तिचा कोपरा रिकामा होता.

फ्लॉरेन्समध्ये घुमटाच्या रांगेत ती बोललीच नाही.

किनाऱ्याच्या बाबतीत माझ्याकडे ठोस मुद्दा होता. लिगुरियात डोंगराला चिकटलेली पाच गावं आहेत, रंगीत घरांची. लोक तिथं बोटीनं आणि पायी फिरतात. काका तिथं गेले आणि एकाही गावात उतरले नाहीत. तिथली लोकल गाडी बोगद्यांतून जाते. दोन बोगद्यांच्या मधे, किंवा बोगद्याच्या भिंतीला ठेवलेल्या कमानींतून, समुद्र क्षणभर दिसतो आणि पुन्हा काळोख होतो. लेव्हांतोपासून ला स्पेझ्झियापर्यंत समुद्र असा किती वेळा दिसतो, एवढंच त्यांनी दिवसभर मोजलं. त्यांचा आकडा एकतीस होता. मुलीच्या तो पाठ होता.

हा आकडा तपासता येण्यासारखा होता. मी वही आणि पेन घेऊन समुद्राच्या बाजूच्या खिडकीशी बसले. मुलगी समोर. गाडी सुटली. मी मोठ्यानं मोजत होते, तिला मोजायला जागाच नव्हती. मधे एकदा तिनं बोट दाखवून मराठीत काहीतरी म्हटलं. मी म्हणाले, तो धरायचा नाही, तो समुद्र नव्हता, नुसता उजेड होता. तिनं बोट खाली घेतलं. ला स्पेझ्झियाला माझे सत्तावीस झाले. मी वहीत लिहिलं आणि तिला दाखवलं.

"चार कमी," मी म्हणाले. "काकांचं चुकलं."

तिनं वहीकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर फलाटाकडे. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला. पाच वर्षांची असताना ती बालवाडीच्या सहलीहून घरी आली होती आणि दारातूनच सांगू लागली होती, "आई, आम्ही डोंगरावर गेलो." मी म्हणाले होते, "डोंगर नाही, टेकडी." तिथं डोंगर नाहीतच, हे मला माहीत होतं. ती थांबली होती. उरलेली सहल तिनं संध्याकाळी बाबाला सांगितली, जर्मनमध्ये. तेव्हा मी कांदा चिरत होते आणि मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

परतीच्या गाडीत पुन्हा मोजायचं ठरलं, म्हणजे मी ठरवलं. आता खिडकी तिच्या बाजूला आली. बोगद्यात गाडी शिरली की काचेत तिचं तोंड दिसायचं, समुद्र आला की पुसलं जायचं. मी मोजत होते, पण मधेच समुद्राऐवजी काच पाहू लागले. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

"आई, एक राहिला," ती म्हणाली.

"कुठला?"

"आत्ता गेला तो. छोटा होता. तू चौदा म्हणालीस, पंधरा झाले. आणि मघाशी पण तू एक सोडलास, मी बोलले नाही." तिनं माझ्या हातातली वही ओढून घेतली. "तू राहू दे. मी मोजते. तू फक्त बघ."

लेव्हांतोला तिचे एकोणतीस झाले. तिला ते पटलं नाही. आम्ही गाडी बदलली आणि परत फिरलो. दुपारभर त्या मार्गावर आम्ही किती फेऱ्या केल्या ते वहीत आहे. आकडा एकदाही सारखा आला नाही. पाचांपैकी एकही गाव आम्ही पाहिलं नाही. बोटीची वेळ टळली. नुसता उजेड धरायचा की नाही, झाडामागून दिसला तर तो पूर्ण की अर्धा, यावर ती माझ्याशी वाद घालत होती, मला वेड्यात काढत होती, वर्गातल्या मैत्रिणीचं सांगत होती, पुन्हा वादावर येत होती. सगळं मराठीत. मी त्यातल्या एकाही वाक्याला हात लावला नाही.

शेवटच्या फेरीत तिनं डोकं माझ्या दंडावर टेकलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाली, "काका पण असेच चुकतात. मग मला सांगावं लागतं."

ती दुपार मला मिळाली, पण तीही त्यांच्याच खात्यातली होती. तो विचार मी त्या वेळीही बाजूला सारू शकले नाही.

परत आलो त्या संध्याकाळी ते जिन्यात भेटले. खालचं दार नुकतंच लागलं होतं, आणि ते एकदाच वाजलं होतं; हातात बॅगा असल्यामुळे मला ओढून बघता आलं नव्हतं. मुलगी पुढे धावत वर गेली.

"काय संपादक, किती निघाले?"

"नक्की सांगता येणार नाही," मी म्हणाले.

ते 'गेनाऊ' म्हणाले नाहीत. नुसती मान हलवली आणि माझ्या हातातली एक बॅग घेतली. त्यांना एक प्रश्न विचारायचा, असं मी गाडीत ठरवलं होतं: एकतीस हा आकडा त्यांना खरंच मिळाला होता का, आणि टोपलीचा सातवा मजला, मनोऱ्याची डावी बाजू, माझं संपादकपद, हे सगळं कुठून आलं होतं. समोर सूत्र उभं असताना प्रश्न न विचारणं ही माझ्या जुन्या व्यवसायात मोठी चूक मानली जाते. दुसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही हवेबद्दल बोललो.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. चिंचवडला परत जायचं ठरलं आणि सामान बांधायच्या आधी ते रोमला जाऊन आले. आल्यावरच्या शुक्रवारी मुलगी शाळेतून थेट त्यांच्याकडे गेली. त्या दिवशी मी खाली गेले तर दार बंद होतं आणि आतून आवाज येत नव्हता. त्यांनी दार उघडलं. मुलगी टेबलाशी बसली होती, आणि दोघांनी ठरवून दुसरंच काहीतरी बोलायला सुरुवात केली.

फ्रिजवरची तिकिटं त्यांनी तिला दिली. ती तिच्या खोलीत आहेत. मी मोजली आहेत, बावीस.

आता ती तेरा वर्षांची आहे. तिची मराठी घरात येते-जाते. आठवड्यातून काही वाक्यं माझ्या वाट्याला येतात. रविवारी सकाळी ती चिंचवडला फोन लावते आणि खोलीचं दार लावून घेते. दाराचा आवाज मी आता ओळखते. ती ते धरून, हळूच, शेवटपर्यंत टेकवते. पलीकडे तासभर मराठी चालू असते. शब्द कळत नाहीत, फक्त चाल कळते आणि मधेमधे तिचं हसणं.

मागच्या महिन्यात ती जेवणाची ताटं मांडत असताना मी विचारलं. शक्य तितक्या सहजपणे विचारलं: काकांनी रोममध्ये काय पाहिलं होतं गं?

तिनं तिसरं ताट ठेवलं, पाण्याचे पेले त्यांच्या जागी ठेवले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुला सांगितलं तर तू तपासशील," ती म्हणाली.

वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.